एकोणीस कडी

बुधवार, संध्याकाळचे साडेसहा, वाचनालयाचं तळघर.
दारावर माझ्याच हातचा कागद:
भोपळे करू या. फुकट. कॉफीसुद्धा.

ओहायो नदीच्या या वळणावर
ऑक्टोबरात मेपलची पानं पन्हळी तुंबवतात,
आणि घर गरम ठेवायच्या बिलाचा आकडा बघून
माणसं कोट घालूनच जेवायला बसतात.
शेतावरचा खरा भोपळा सात डॉलरला,
देठ मोडका असला तर पाच.

आठजणी आल्या.
बर्निसनं नातवाचा स्वेटर आणला, कोपरात विरलेला.
बाही कापली, एका टोकाला गाठ, आत जुने मोजे कोंबले,
वर देठ म्हणून दालचिनीची काडी.
"वास घे," म्हणाली, "मोज्यांचा नाही, दालचिनीचा."
ट्रूडीनं कपडे वाळवायच्या यंत्राची नळी
गोल वळवून टोकाला टोक जोडलं, केशरी रंग दिला.
रंग पुरला नाही. मागची बाजू पत्र्याचीच राहिली.
"भिंतीला पाठ लावून ठेवीन.
मी तरी काय, पुढूनच सजते."

नववा, वेंडेल स्ट्राउस.
तीस वर्षं ट्रक चालवला, आता जिना उतरताना
प्रत्येक पायरीला गुडघ्याची परवानगी घेतो.
तो उबेला आला होता, हे सगळ्यांना कळलं;
कुणी दाखवलं नाही.
खिशातून पिशवी काढून त्यानं टेबलावर उपडी केली:
बरण्यांच्या झाकणांची कडी,
पत्र्याची, कडेला गंजलेली.
खळ्ळकन आवाज झाला. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

लव्हर्न दर ऑगस्टला पीच भरायची,
पन्नास-साठ बरण्या.
गेल्या वर्षी ती बहिणीकडे गेली, टूसॉनला, वाळवंटात.
बरण्या नेल्या. कडी राहिली.
विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं गाव म्हणायचं;
विळा कोण नि भोपळा कोण,
यावर मात गावाचं एकमत नव्हतं.

मी दोरा ओवून दाखवला:
सगळी कडी एका माळेत, माळ घट्ट आवळायची,
मग एकेक कडं पंख्यासारखं फिरवायचं,
पोटात पोकळी, वर गोलाई. झाला भोपळा.
त्याची बोटं जाड. गाठ तीनदा सुटली.
"किती झाली?" मी विचारलं.
"एकोणीस. वीस होती. एक सापडत नाही."

जाताना त्यानं हिशेब मागितला.
दोरा वाचनालयाचा, देठाची काटकी रस्त्यावरची.
मी कागदावर लिहून दिलं: खर्च, भोपळा.
तो हसला. दात कुठे कुठे नव्हते.

शुक्रवारी पोस्टात दिसला.
काट्यावर तोच भोपळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
टूसॉनपर्यंत अकरा डॉलर चाळीस सेंट.
त्यानं आकडा वाचला. पुन्हा वाचला.
मग पुडकं काखेत घेतलं
आणि एक पोस्टकार्ड विकत घेतलं.

भोपळा मला आणून दिला. "खिडकीत ठेव.
माझ्या घराच्या रस्त्यावर मुलं येत नाहीत."

नोव्हेंबरात गावातले खरे भोपळे बसले,
खारींनी डोळे पोखरले, ओसऱ्यांवर पाणी सुटलं,
कुणीतरी फावड्यानं भरून हरणांसाठी फेकले.
आमचा खिडकीत तसाच,
दुपारी तीनच्या सुमाराला थोडा चमकायचा.

डिसेंबरात पहिला बर्फ. वेंडेल आला,
टोपीवरचा बर्फ झटकायचा विसरला.
सरळ खिडकीशी गेला, गाठ सोडली
(आता एका दमात सुटली),
एक कडं काढलं, बाहीला पुसलं,
बाकीची अठरा पुन्हा बांधली.

"बरणी आलीय," म्हणाला.
"झाकण चिकटपट्टीनं लावलंय."
कडं खिशात टाकलं आणि
पायरीपायरीला थांबत खाली उतरला.

भोपळा अजून खिडकीत आहे.
डावीकडे किंचित कलतो.
येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी त्याला सरळ करतं.
मी पुन्हा कलता ठेवते.